गडाचा दरवाजा कसा वाचावा?

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांचे १२ किल्ले आपल्या यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे अकरा आपल्याकडचे आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. हा मान नुसत्या तटाला किंवा उंचीला मिळालेला नाही. डोंगर, बेट, किनारा जसा हाती आला तसा वापरून उभी केलेली संरक्षणाची रचना, हे त्यामागचं कारण. ही रचना सगळ्यात दाटीने एका जागी दिसते, ती जागा म्हणजे दरवाजा. आणि नेमकी तीच आपण घाईने ओलांडतो. कमानीखाली घाम पुसायचा, एक फोटो काढायचा, की चला वर.

पुढच्या खेपेला तिथे दहा मिनिटं थांबलात तर काय बघायचं, ते इथे सांगितलं आहे.

तटातलं सक्तीचं भोक

घराच्या भिंती कितीही जाड असोत, चोर खटपट करतो ती कुलपाशी. किल्ल्याचंही तसंच. तट हवा तेवढा उंच करता येतो, पण आत-बाहेर करायला कुठेतरी भोक ठेवावंच लागतं. म्हणून बांधणाऱ्याचं सगळं डोकं त्या भोकाभोवती खर्च होतं.

दुसरी गोष्ट अशी की गडावर येणारा वकील, व्यापारी, पाहुणा, कैदी, शत्रू, कोणीही असो, तो इथूनच येणार. म्हणजे मालकाला जगाला जे सांगायचं आहे ते सांगायची जागाही हीच. दरवाजाला अशी दोन कामं: रोखणं आणि सांगणं. कुठल्याही काळातला दरवाजा समोर आला की यातलं कुठलं काम किती, एवढंच आधी विचारायचं. गडावर रोखण्याला जास्त महत्त्व, वाड्यात दोन्ही निम्मं-निम्मं, आणि आपल्या फ्लॅटच्या दारात रोखण्याचं काम लॅच करतं, बाकी सगळं सांगणंच.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभार कसा करावा हे सांगणाऱ्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथात, गडाच्या दरवाजाबद्दल अगदी व्यवहारी सूचना आहेत. दरवाजा खालून होणारा मारा चुकवून बांधावा, पुढे बुरूज द्यावा, येण्याजाण्याची वाट त्या बुरुजाच्या कक्षेत राहावी. एकच दरवाजा असणं हा किल्ल्याचा मोठा दोष, म्हणून गड पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात. त्यांतल्या रोजच्या वापराच्या उघड्या, बाकीच्या चिणून टाकाव्यात. राजगडाला गुंजवणे, पाली आणि अळू असे तीन दरवाजे, शिवाय पद्मावती माचीवर निघणारा चोरदरवाजा. पाली दरवाजा अंबारीसह हत्ती जाईल एवढा मोठा आणि चोरदरवाजातून माणूस जेमतेम वर येतो. एकाच गडाची ही दोन तोंडं शेजारी ठेवून बघितली की आज्ञापत्रातली सूचना वेगळी समजवावी लागत नाही.

दार समोर का दिसत नाही?

रायगड पायऱ्यांनी चढताना महादरवाजा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दिसतात ते दोन प्रचंड बुरूज, एक साधारण ७५ फूट उंच आणि दुसरा ६५. वाट या दोघांच्या मधून आत शिरते, वळते, आणि मग दार. या बांधणीला गोमुखी बांधणी म्हणतात. पुढचा बुरूज हात आडवा धरावा तसा दाराच्या आड येतो.

याने काय साधतं ते कळायला चाळीच्या जिन्यातून लोखंडी कपाट वर चढवून बघा. सरळ पायऱ्यांवर चार माणसं जोर लावतात, पण वळणाच्या चौकात आलं की कपाट अडतं, जोर लावायला जागा नसते आणि मागचे लोक नुसते थांबून राहतात. गोमुखात शत्रूचं हेच होतं. दार फोडायला ओंडका घेऊन धावायचं तर धावायला लांबी लागते, ती नाही. हत्तीने धडक द्यायची तर त्यालाही चार पावलं मागे जाऊन यावं लागतं, ते वळणावर जमत नाही. तोफेचा गोळा सरळ जातो, आणि दार तर आडोशाला. शे-दोनशेंची फौज तिथे पोचेपर्यंत तिची दोन-दोन माणसांची रांग झालेली असते, आणि वर दोन्ही बाजूंना बुरुजावर गडकरी.

महादरवाजाजवळच्या तटात तिरकी भोकं दिसतील. त्या जंग्या. आतून बघितलं तर त्या खाली उतरत जातात, थेट वाटेवर. बाहेरून आत काही दिसत नाही, आतून मात्र खालचा माणूस बंदुकीच्या टप्प्यात. फोटो काढायचाच तर आतून जंगीत डोकावून काढा, ही जागा का निवडली ते त्या चौकटीत दिसतं.

हीच कल्पना वेगवेगळ्या जमिनीवर वेगवेगळं रूप घेते. लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे सापासारख्या वळत जाणाऱ्या वाटेवर एकामागून एक येतात. वर पोचल्यावर मागे वळून खाली बघितलं की ती सर्पाकार वाट पूर्ण दिसते, आणि खालच्या दारातून शिरलेला माणूस वरच्या दारापर्यंत सतत कोणाच्या ना कोणाच्या नजरेत राहतो, हेही कळतं. हे चारही एका काळातले नाहीत. हनुमान दरवाजा सगळ्यात जुना, नारायण दरवाजा नाना फडणवीसांच्या वेळचा. शिवनेरीला सात दरवाजे. सिंधुदुर्गाची बात आणखी वेगळी: तिथे समोरून वाट नाही, होडी येते. किनाऱ्यावरून तट दिसतो पण दार तटाच्या वळणात हरवलेलं. विजयदुर्गावर दाराच्या पुढे आणखी एक आडभिंत घातलेली आहे, तिला जिभी म्हणतात, आणि तिच्यातल्या दाराला जिभीचा दरवाजा. तोंडाच्या आत जीभ असते, इथे ती तोंडापुढे आहे, एवढाच काय तो फरक.

आत शिरल्यावर हाताला काय लागतं

मूळ लाकडी दारं बहुतेक गडांवरून गेली, पण ती कशी होती ते दगड सांगतो. कमानीच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत वर पुढे आलेल्या दगडात एक गोल भोक आणि त्याच रेषेत खाली जमिनीत खळगा दिसेल. आजच्यासारख्या बिजागऱ्या तेव्हा एवढं वजन पेलणाऱ्या नव्हत्या. कवाडाच्या एका कडेला वर आणि खाली खुंट काढलेला असे, वरचा भोकात आणि खालचा खळग्यात. अख्खं कवाड त्या खुंटावर फिरे आणि त्याचं वजन भिंतीऐवजी जमिनीवर येई. खळगा एका बाजूने झिजलेला असेल तर ते दार खूप वर्षं उघडमीट झालेलं.

मग भिंतीत दोन चौकोनी भोकं शोधा, साधारण कमरेच्या किंवा छातीच्या उंचीला, समोरासमोर. ही अडसराची. अडसर म्हणजे दाराच्या मागे आडवा सरकवायचा लाकडी तुळईएवढा दांडा. एक भोक उथळ असतं, दुसरं खूप खोल, कारण दार उघडं असताना अख्खा अडसर त्या खोल भोकात जाऊन बसतो. दार लावलं की तो ओढून समोरच्या उथळ भोकात टेकवायचा. कितीही धडका बसल्या तरी मार दोन्हीकडच्या दगडी भिंतींवर जातो. खोली बघायला हात घालू नका, मोबाइलचा उजेड मारा. आत विंचू किंवा वटवाघूळ असण्याची शक्यता चांगलीच असते.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दाराची पुढची कमान बुटकी असते आणि तिच्या मागची उंच. कवाडं आत उघडायची तर त्यांना फिरायला वर मोकळी जागा लागते, आणि बंद असताना त्यांची वरची कड पुढच्या कमानीला मागून टेकली पाहिजे. म्हणून दोन कमानी.

दाराच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांचे ओटे किंवा खोल्या, त्या देवड्या. मोठ्या कवाडातच कापलेलं छोटं दार ते दिंडी दरवाजा. मोठं दार रोज उघडत नाहीत. एकेकाने, मान खाली घालून, एक पाय उचलून दिंडीतून यायचं. वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही, हा झाला रोखण्याचा भाग. आणि प्रत्येक येणारा नकळत मालकापुढे मान झुकवून येतो, हा सांगण्याचा.

दगड हवेत कसा थांबतो?

आता वर बघा. भोकावर दगड ठेवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला सोपा. दोन बाजूंना दोन खांब आणि वर एक आडवा लांब दगड. देवळाच्या दारावर असतो तो, त्याला उत्तरंग म्हणतात. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. तिथे सगळं काम या खांब-तुळई पद्धतीचं आहे. (अशा देवळांना आपण सर्रास हेमाडपंती म्हणतो, पण हेमाडपंत यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथ त्याच्याही दोनशे वर्षं आधीचं.) अडचण एकच. दगड दाबाला पक्का असतो, ताणाला कच्चा. खडूचा तुकडा टेबलावर उभा धरून दाबा, सहज मोडणार नाही. दोन टोकं धरून वाकवा, लगेच तुटतो. आडव्या दगडाची खालची बाजू अशीच ताणली जाते. दार रुंद केलं की दगड मधोमध तडकतो. म्हणून देवळाची दारं अरुंद असतात, आणि अंबारीसकट हत्ती जाईल असं दार या पद्धतीने करणं फार जिकिरीचं.

दुसरा मार्ग कमानीचा. दहा-बारा वह्या टेबलावर ओळीने उभ्या ठेवा, दोन्ही तळहातांनी बाजूने दाबा आणि उचला. मधल्या वह्यांना खालून काही आधार नाही, तरी त्या पडत नाहीत. फक्त दाबाने धरल्या जातात. कमानीतले दगड पाचरीसारखे, वर रुंद आणि खाली निमुळते घडलेले असतात. प्रत्येक दगड खाली घसरू बघतो आणि त्यामुळेच शेजारच्याला आणखी दाबतो. ताण कुठेच नाही, सगळा दाब, आणि दाब तर दगडाला मानवतोच.

वह्यांना तुमचे तळहात होते. कमानीला तळहात कोण? दोन्ही बाजूंच्या भिंती. कमान सतत बाजूंना ढकलत असते, आणि ते ढकलणं कोणीतरी अडवावं लागतं. गडाच्या दरवाजाला हे काम कोण करतं ते आपण आधीच बघितलं: ते दोन प्रचंड बुरूज. शत्रूवर मारा करायला बांधलेले बुरूजच कमानीला दोन्हीकडून दाबून धरतात. एका खर्चात दोन कामं.

बांधायची रीत अशी. आधी लाकडाचा साचा, जुने गवंडी त्याला कालबूत म्हणत. त्याचा आकार आखायला दोन खिळे आणि एक दोरी पुरते. टोकदार कमान म्हणजे दोन वर्तुळांचे दोन तुकडे वर भेटलेले. दोन्ही पायथ्यांशी एकेक खिळा, दोरीची लांबी दाराच्या रुंदीएवढी, आणि दोन्हीकडून दोरी फिरवायची. खिळे आत सरकवले की कमान बसकी होते. मग दोन्ही पायथ्यांपासून दगड सारख्या गतीने वर चढवायचे. एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला सात झाले तर साचा कलतो आणि सगळा आकार बिघडतो. शेवटी मधला दगड. चुना सिमेंटसारखा दोन दिवसांत कडक होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत तो महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो. म्हणून साचा एकदम काढायचा नाही, खालच्या पाचरी थोड्या थोड्या सैल करत उतरवायचा. पहिल्याच दिवशी खेचला की कमानीचा माथा खाली बसतो.

तो मधला, चावीचा दगड म्हणजे कमानीचा जीव, असं ऐकायला मिळतं. तसं काही नाही. तो शेवटी बसतो म्हणून त्याला मान. कमानीतला कुठलाही दगड काढा, परिणाम तोच.

कमान जर सुलतानांची, तर महाराजांच्या गडावर कशी?

हा प्रश्न हल्ली बऱ्याच जणांना पडतो, आणि दोन्हीकडून चुकीची उत्तरं दिली जातात.

एक उत्तर, 'भारताला कमान माहीतच नव्हती.' हे खरं नाही. कानपूरजवळच्या भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या देवळात खरी, पाचरीच्या विटांची कमान आहे. माहीत होती, पण मोठ्या बांधकामात तिचा वापर रुळला नाही. दगड मुबलक होता, सुतारकामाचे संस्कार पक्के होते आणि खांब-तुळईवर काम भागत होतं. कार्ल्याच्या लेण्याची ती घोड्याच्या नालेची मोठी कमान डोळ्यांसमोर आणा. ती बांधलेली नाहीच, कोरलेली आहे. एकसंध कातळात लाकडी कमानीची नक्कल.

दुसरं उत्तर, 'कमान आली म्हणजे सगळं परकं.' तेही टिकत नाही. दिल्लीत कुतुबमिनारजवळच्या मशिदीच्या पहिल्या कमानी बाराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक कारागिरांनी आपल्याच पद्धतीने केल्या: प्रत्येक थर थोडा पुढे सरकवत, पत्त्यांची थप्पी पुढे ढकलावी तशा. दिसायला कमान, पण काम करायला तुळईच. दिल्लीतली खरी पाचरीची कमान सहसा बल्बनच्या थडग्यात दाखवतात, सुमारे १२८७ सालच्या. म्हणजे मागणारा सुलतान आणि घडवणारा पाथरवट यांना एकमेकांची भाषा कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १३४७ मध्ये बहमनी राज्य सुरू झालं, त्यातून पुढे आदिलशाही, निजामशाही आली, आणि सतराव्या शतकापर्यंत दख्खनच्या गवंड्याला कमान परकी वाटायचं काही कारणच उरलं नव्हतं. तीनशे वर्षं त्याच्या घराण्यात तेच काम चाललं होतं. रुंद दार हवं, तर कमान. हिशेब एवढा सरळ. रायगडावर जगदीश्वराच्या देवळावर घुमट आहे, संस्कृत शिलालेख आहे आणि त्याच देवळाच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर' ही मराठी ओळ आहे. त्या बांधणाऱ्याला यात विसंगती वाटली नव्हती.

शब्दांचंही असंच. दार आपलं, दरवाजा फारसी. कमान म्हणजे फारसीत धनुष्य. बुरूज अरबीतून आलेला. 'मेहराब' हा मशिदीतला किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेचा कोनाडा. त्याची मराठीत महिरप झाली आणि ती देवघराला लागली, गणपतीच्या मखराला लागली, इतकंच काय, गणितातल्या नागमोडी कंसालाही आपण महिरपी कंस म्हणतो.

हत्ती दाबून धरणारा तो प्राणी

बऱ्याच दरवाजांवर सिंहासारखा एक प्राणी दिसतो, पंजांत, तोंडात, शेपटीत हत्ती पकडलेला. हा शरभ. नरसिंहाला आवरण्यासाठी शिवाने घेतलेलं रूप, अशी त्याची पुराणातली कथा. दोन डोक्यांचा पक्षी दिसला तर तो गंडभेरुंड.

गडावर कोणीतरी हमखास सांगतं की एवढे हत्ती म्हणजे एवढ्या शाह्या जिंकल्या. हा हिशेब जुळवण्याचा मोह आवरावा. हेच शिल्प जंजिऱ्याच्या मुख्य दारावर आहे, आणि तो सिद्दीचा किल्ला, जो मराठ्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. शरभ एका घराण्याचा बिल्ला नव्हता. दख्खनमध्ये ज्याच्याकडे गड, त्याने दारावर बळ दाखवायचं ते या चित्राने, मग तो कुठल्याही धर्माचा असो. पन्हाळ्याच्या 'तीन दरवाजा' नावाच्या दारावर फारसी शिलालेख आहे आणि गणपतीही आहे. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, हे ठरवायला दगडाचे सांधे बघावे लागतात: शिल्पाचा दगड भोवतालच्या थरांत नीट बसलाय, की दुसरीकडून आणून बसवलाय? थरांची उंची जुळत नसेल, कडेला चुना जास्त भरला असेल, तर तो बहुधा मागाहून आलेला.

रायगडच्या महादरवाजाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना कमळं कोरलेली दिसतात. कमळ लक्ष्मीचं, समृद्धीचं. आणि महाराजांच्या दारी खरे हत्तीही होते. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाला आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन दरबाराच्या दाराशी उभे असलेले हत्ती-घोडे बघून चकित झाला. एवढ्या अवघड वाटेने ते वर आणले कसे, हेच त्याला कळेना. त्याने असा विचार करावा, याचसाठी तर ते तिथे उभे केले होते.

तोफा आल्यावर या सगळ्याचा उपयोग काय?

रास्त शंका. उत्तर १८१८ मध्ये सापडतं. त्या वर्षी इंग्रजांनी एकामागून एक गड घेतले, पण सहसा दार फोडून नव्हे. रायगडावर शेजारच्या उंचीवरून तोफगोळे तटावरून आत टाकले, आत आगी लागल्या आणि मे महिन्यात गड पडला. महादरवाजा जागेवर राहिला, तो आजही आहे. दार सरळ माऱ्यासाठी बांधलं होतं, वरून पडणाऱ्या गोळ्याला त्याचं उत्तर नव्हतं. इंग्रजांनाही दाराची किंमत कळत होती. म्हणून तर पुढे पुन्हा कोणी गड लढवू नये यासाठी त्यांनी अनेक ठिकाणी वाटा, पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडवले.

गडावरून पेठेत

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. पाच दरवाजे, मुख्य तो उत्तरेकडे तोंड करून असलेला दिल्ली दरवाजा. प्रत्येक कवाडावर नऊ गुणिले आठ असे ७२ टोकदार खिळे, हत्तीच्या कपाळाच्या उंचीला. आत शिरलं की सरळ जाता येत नाही, वळावं लागतं. म्हणजे गडाचे सगळे धडे इथेही आहेत. पण नगारखाना, वरचं लाकडी काम, रुंदी हे सगळं बघता दाराचा कल बदललेला दिसतो. हत्तीची धडक बसायची खरी शक्यता किती होती? खिळे रोखण्यासाठी होतेच, पण 'आम्ही रोखू शकतो' हे पेठेतून जाणाऱ्या-येणाऱ्याला रोज सांगण्यासाठी जास्त. तटाचं वरचं काम दगडाऐवजी विटांत का, तर दगडी कोट बांधायचा मान छत्रपतींचाच, असा आक्षेप आला म्हणून, असं सांगतात. तसं असेल तर त्या काळी दगड आणि वीट यांतही सत्तेची उतरंड होती.

सरदारांच्या आणि सावकारांच्या वाड्यांत हेच लहान होत गेलं: दोन कवाडं, एकात दिंडी, आत देवडी, चौकटीच्या वरच्या पट्टीवर गणपती. ती गणेशपट्टी. जुन्या देवळांत त्याच जागी कधी गणेश, कधी गजलक्ष्मी असते. आत खांबांवर सुरूच्या झाडाचे आकार, केळफुलं, आणि महिरपी लाकडाच्या. इथे कमान आता भार घेत नाही. वरची तुळई घेते, महिरप तिच्याखाली नुसती बसवलेली. गावाच्या वेशीवर आज उभ्या राहणाऱ्या सिमेंटच्या स्वागत कमानी याच ओळीतल्या. त्यांच्या आत सळ्यांची सरळ तुळई असते, बाहेरून कमानीचा आकार. गावाचं नाव आणि देणगीदारांचे फोटो लावायला जागा हवी, तेवढंच काम.

उंबरठ्याचं काय?

शिल्पशास्त्रात दाराच्या खालच्या लाकडाला किंवा दगडाला उदुंबर म्हणतात, आपला उंबरा आणि उंबरठा तिथलाच. पावसाचं पाणी, धूळ, सरपटणारे जीव अडवणं हे त्याचं काम, आणि चौकटीचे दोन खांब खाली एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून तो त्यांना बांधून ठेवतो. यातूनच बाकीचं आलं: हळदकुंकू, रांगोळी, उंबरठ्यावर बसू नये, नव्या सुनेने माप ओलांडून आत यावं. आत आणि बाहेर यांच्यातली रेघ तिथे प्रत्यक्ष होती.

फ्लॅटमध्ये पाणी अडवायची गरज उरली नाही, म्हणून बिल्डर उंबरठा देत नाही किंवा ग्रॅनाइटची अर्ध्या इंचाची पट्टी टाकतो. तरी घरात राहायला येणारी मंडळी संगमरवराचा किंवा लाकडाचा वेगळा बसवून घेतात, त्यावर लक्ष्मीची पावलं चिकटवतात आणि दाराच्या माथ्यावर गणपतीची टाइल. बसवायचाच तर अर्धा-पाऊण इंचाहून उंच करू नका आणि दोन्ही कडा उतरत्या घासून घ्या. वॉकर किंवा व्हीलचेअर वापरणारं माणूस घरात असेल तर तो रोज अडखळायची जागा होतो.

डागडुजी करताना काय चुकतं

सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने होतं. दरवाजाचे सांधे सुटलेले दिसले की सिमेंट भरलं जातं. तटाच्या भिंतीला बाहेरून आणि आतून घडीव दगड असतो आणि मधे चुना-गोट्यांचा भराव. पावसाचं पाणी वरून भरावात उतरतं आणि चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडतं. सिमेंटने ते तोंड बंद झालं की पाणी आत कोंडतं, भराव धुपतो, फुगतो आणि पुढचा घडीव दगड पोट सुटल्यासारखा बाहेर येतो. सांध्यात चुनाच हवा: नीट विरवून मुरवलेला, वाळू त्याच्या दोन ते तीन पट, आणि काम ऊन चुकवून गोणपाट ओलं ठेवत.

दुसरा शत्रू पिंपळ. नुसता कापला तर दुप्पट जोमाने फुटतो, ओढून काढला तर मुळासोबत दगड येतो. खोड कापून मूळ जागेवरच मारायचं आणि ते वाळल्यावर पोकळी चुन्याने भरायची. शिल्पाला ऑइलपेंट लावणं, शेंदूर थापणं, तारेच्या ब्रशने घासणं, या तिन्हींनी कोरीव काम बुजतं किंवा झिजतं.

कमानीला तडा दिसला म्हणजे ती उद्या पडेल असं नाही. बाजूची भिंत थोडी सरकली की कमान माथ्यावर आणि दोन्ही कुशींवर, अशी तीन ठिकाणी उघडते आणि नवा तोल धरून तशीच वर्षानुवर्षं उभी राहते. चौथ्या जागी उघडली की कोसळते. म्हणून तडे बुजवण्याआधी ते मोजायचे, तारीख लिहून ठेवायची, आणि वाढतायत का ते दोन पावसाळे बघायचं. आधी सरकणारी बाजू थांबवायची, मग तडा.

आणि परवानगी. बारांपैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूभोवती १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनेच. गडावर सागवानी दार नव्याने बसवायचं असो की एक दगड जागेवर ठेवायचा असो, आधी अर्ज, मग हात.

दिवाळीच्या किल्ल्याला एक सूचना

अंगणातल्या किल्ल्याला पोरं दरवाजा नेहमी समोर, मधोमध, रस्त्याकडे तोंड करून लावतात. यंदा दोन विटा उभ्या ठेवा, एक दुसरीच्या अर्धी पुढे. वर मातीने गोल करून बुरूज करा. वाट उजवीकडून आणा, पुढच्या बुरुजाला वळसा घालून डावीकडे वळवा आणि दार मागच्या बुरुजाच्या आतल्या अंगाला लावा. पुठ्ठ्याच्या दाराला छोटी दिंडी कापा. मावळे दारात नकोत, दोन्ही बुरुजांवर ठेवा, तोंड खाली वाटेकडे करून. बघायला येणारे विचारतील, दरवाजा कुठाय?